पायपेटीचें पेडल

महाराष्ट्राचा किनारा दक्षिणेकडे जेथें संपतो, तेथें तेरेखोलच्या खाडीलगत रेडी हें गांव आहे. चालुक्यांच्या लेखांत येणारें रेवतीद्वीप तें हेंच, असें इतिहाससंशोधक मानतात. मंगलेशानें तें जिंकल्याचा उल्लेख इ. स. ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखांत आहे. यशवंतगडाचे झाडींत बुडालेले तट, लोखंडाच्या खाणींची तांबडी माती, १९७६ सालीं खाणींत सांपडलेली द्विभुज गणेशाची मूर्ति आणि माउलीचें देऊळ एवढें सांगितलें, कीं परगांवच्या माणसाला ह्या गांवाची ओळख पटते. वेंगुर्ले तालुक्यांतल्या माणसाच्या मनांत मात्र अशा कोणत्याहि गांवाचें नांव निघालें, कीं प्रथम तेथली जत्रा उभी राहते आणि जत्रेबरोबर दशावताराची रात्र.

देवाची पालखी देवळाभोंवतीं फिरून आंत गेली, कीं पुढच्या मांडवांत दशावताराला आरंभ होतो. ह्या भागांत त्याला धयकालो म्हणतात. पडदे नाहींत, देखावे नाहींत. एक लांकडी बाक असतें, तेंच प्रसंगीं सिंहासन होतें आणि प्रसंगीं पर्वत. पात्रांच्या हातीं लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलें, परंतु संवाद ज्याचे त्यानें जागच्या जागीं रचावयाचे. गणपति, ऋद्धिसिद्धि, मोरावरची सरस्वती आणि वेद चोरणारा संकासुर एवढा आडदशावतार झाला, कीं मुख्य आख्यान लागतें व तें पहांटेपर्यंत चालतें. प्रेक्षकांचे डोळे कधीं राजाच्या मुकुटावर, कधीं संकासुराच्या लोंबत्या तांबड्या जिभेवर. बाजूला बसलेल्या तीन माणसांकडे, म्हणजे मृदंगवाला, झांजवाला आणि पेटीवर बसलेला हरदास यांच्याकडे, कोणी मुद्दाम पाहत नाहीं. आणि हरदासाच्या पायाकडे तर कोणाचेंच लक्ष जात नाहीं.

तो पाय रात्रभर हलत असतो. हरदासाची पेटी ही मांडी घालून वाजवावयाची हातपेटी नव्हे. ती घोडीवर चढविलेली असते, हरदास बाकावर बसतो आणि जमिनीलगतचें पेडल पायानें दाबून भाता भरतो. म्हणून तिला पायपेटी म्हणतात. कांहीं पेट्यांना एकच पेडल असतें, कांहींना दोन. दोन्ही हात पट्ट्यांवर, तोंडीं पद, डोळे पात्राच्या चेहऱ्यावर आणि वाऱ्याची सर्व जबाबदारी पायाकडे, अशी ही वांटणी आहे. संवाद लिहिलेले नसल्यामुळें कोणता शब्द बोलून नट पदाला सुरवात करील, हें हरदासाला आधीं ठाऊक नसतें. त्यानें आवाज उचलला, कीं त्याच क्षणीं सूर तयार पाहिजे. अशा वेळीं डावा हात भात्यावर गुंतला असेल, तर तो तेथून काढून पट्ट्यांवर आणीपर्यंत पद अर्धें निसटलेलें असतें.

हार्मोनियम हें वाद्य मुळांत पायाचेंच. एकोणिसाव्या शतकाच्या पांचव्या दशकाच्या आरंभीं पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ यानें त्याला हें नांव देऊन पेटंट घेतलें, तेव्हां तें टेबलाएवढें उभें वाद्य होतें व त्याचा भाता पायांनींच चालत असे. हिंदुस्थानांत आल्यावर त्याला जमिनीवर बसणें भाग पडलें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास पाठीमागें भाता असलेली हातपेटी केली आणि कीर्तनापासून मैफलीपर्यंत सर्वत्र तीच रूढ झाली. दशावतारानें मात्र पाय सोडला नाहीं, कारण दशावताराचा वादक बाकावर बसतो. नभोवाणीवरील भाषणांत पेटीचा विषय निघावा, यांतहि थोडी गंमत आहे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडियोनें ह्या वाद्याला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढलें होतें. १९७१ सालीं साथीपुरता तिला पुन्हा प्रवेश मिळाला. जत्रेच्या मांडवाला ती बंदी लागू नव्हती, आणि लागू असती तरी कोणी मानली असती असें वाटत नाहीं.

ह्या पायपेटीची मोडतोड होऊन ती नव्यानें बांधावी लागते, तेव्हां सर्वांत अधिक चुका पेडल बसवितांना होतात. पट्ट्या, सूर, भाते ह्या गोष्टी कारागीर जपून करतो, कारण त्या कठीण आहेत हें त्याला ठाऊक असतें. पेडल म्हणजे काय, एक फळी, एक बिजागरी आणि एक पट्टा! तें शेवटच्या दिवशीं घाईनें ठोकलें जातें. आणि मग महिनाभर खपून सुरेल केलेली पेटी पहिल्या जत्रेंत मध्यरात्र उलटण्यापूर्वीं हरदासाला नकोशी होते.

वाऱ्याचा मार्ग आधीं समजून घेतला पाहिजे. पायपेटींत दोन प्रकारचे भाते असतात. एक वारा ओढून आंत ढकलणारा, आणि दुसरा तो वारा सांठवून स्वरांना एकसारखा पुरविणारा. सांठ्याचा भाता कमानीच्या जोरावर दाबलेला असतो, म्हणून पाय वर उचलला असतांहि आवाज तुटत नाहीं. पेडलाला बिजागरी एका टोंकाला, वादकाच्या बाजूला. दुसऱ्या, वर उचललेल्या टोंकाला नवारीचा किंवा चामड्याचा पट्टा, क्वचित् लोखंडी सळई. पट्टा रुळावरून जाऊन पहिल्या भात्याच्या हलत्या फळीला मिळतो. पाय दाबला कीं पट्टा ताणतो व फळी हलते. पाय सैल सोडला कीं कमान फळीला परत नेते आणि फळीबरोबर पेडल वर येतें. तेव्हां पेडल हें स्वतंत्र अंग नसून भात्याचेंच जमिनीवर आलेलें टोंक आहे. एक सैल, तर दुसरें निकामी.

दशावताराच्या मंडळ्या कार्तिकापासून उन्हाळा संपेपर्यंत गांवोगांव फिरतात. पूर्वीं पेटारे डोक्यावरून जात, आतां गाडींतून जातात. पण पेटीचे हाल दोन्ही प्रकारांत व्हावयाचे ते होतातच. पावसाळ्यांत खेळ बंद असतात, तेव्हांच पेटी मेस्त्रीच्या पडवींत येते. किनाऱ्यावरील खारी हवा कमानीला व खिळ्यांना गंज चढविते, दमटपणानें सरस सुटतो, चामडें बुरसतें, फळ्या फुगतात. पेडलाची बिजागरी ज्या खालच्या फळीला जडलेली असते ती जमिनीच्या सर्वांत जवळ असल्यामुळें कुजतेहि आधीं. मेस्त्री ती फळी काढून नवी घालतो, आणि येथेंच गोष्ट बिघडते. जुन्या फळीबरोबर जुन्या स्क्रूंचीं भोकें गेलीं. पेडल कोठें होतें, किती आंत होतें, किती उचललेलें होतें, हें सांगणारी खूण तेवढीच होती.

जाणता मेस्त्री म्हणून कुजकी फळी चुलींत घालण्याची घाई करीत नाहीं. ती तशीच नव्या फळीवर ठेवून भोकें उतरवून घेतो. पट्टा कापण्यापूर्वीं त्याची लांबी दोरीनें मोजून दोरीला गांठ मारून ठेवतो. रुळाला पट्टा कोठें घांसला आहे तो चट्टा पाहतो. आणि पेडलावरचा झिजलेला भाग नीट न्याहाळतो. वर्षानुवर्षें एकाच ठिकाणीं टेकलेल्या पायानें लांकडाला एक खोलगट गुळगुळीत जागा पडलेली असते. ती जागा पेडलाच्या मधोमध असेल तर समजावें कीं वादकाला शेवटपर्यंत पाय पोंचवितां येत नव्हता, म्हणजे जुनी जागाहि चुकीचीच होती. जुन्या खुणा जपाव्या, परंतु त्यांची पूजा करूं नये.

बसविण्याचें काम भाते पुरे झाल्याशिवाय हातीं घेऊं नये, हा पहिला नियम. भात्याची फळी किती हलते यावर पेडलाची चाल ठरते. गळक्या भात्यावर बसविलेलें पेडल नंतर भाता घट्ट झाल्यावर जड लागतें. मग पेटी घोडीवर चढवून, जमीन सपाट पाहून, बाक समोर ठेवावें. हें बाक कोणतें, याला फार महत्त्व आहे. मेस्त्रीच्या पडवींतलें उंच स्टूल आणि मंडळीचें बसकें बाक यांत चार बोटांचा फरक असला, तरी गुडघ्याचा कोन निराळा होतो, आणि त्या कोनावरच पुढचें सर्व अवलंबून आहे.

अशा पडवींतला संवाद बहुधा असाच चालतो. हरदास म्हणतो, “मेस्त्रीनू, माझो पाय खंय पडता ता आधी बघा, मगे खिळो मारा.” त्यावर मेस्त्री विचारतो, “बुवानू, तुमचो बाक हाडलात काय? बाक नाय तर माप कसला घेवचा?” ह्या दोन वाक्यांत त्या विद्येचें बरेचसें सार येऊन जातें. हरदासानें आपला पाय आणावयाचा आणि आपलें बाकहि आणावयाचें.

हरदास बाकावर बसला, हात पट्ट्यांवर ठेवले, कीं त्याचा पाय आपोआप जेथें पडतो तेथें टांचेपाशीं जमिनीवर खडूची रेघ काढावी. पेडलाची बिजागरी त्या रेघेवर आली पाहिजे. टांच बिजागरीच्या रेघेवर टेकली म्हणजे पाय घोट्यांत वळतो. मांडी स्थिर राहते, कंबर स्थिर राहते आणि हात निर्वेध चालतात. पेडल फार आंत गेलें, तर वादकाला पाय लांबवून पुढें सरकावें लागतें, गुडघा पेटीच्या तळाला लागतो आणि बाकाची कड मांडींत रुतते. पेडल फार बाहेर आलें, तर टांच मागें जमिनीवर राहते व चवडा फळीच्या मध्यावर पडतो. तरफेचा हिशोब येथें क्षमा करीत नाहीं. बिजागरीपासून पुऱ्या लांबीवर दाबण्यास जेवढा जोर लागतो, त्याच्या दुप्पट जोर अर्ध्या लांबीवर दाबण्यास लागतो. एका दाबण्यांत हा दुप्पटपणा जाणवत नाहीं. एका रात्रींत पाय हजारों वेळां खालीं जातो, तेव्हां मध्यरात्रीं पोटरीला गोळा येतो.

बहुतेक वेळां पेडल बाहेर येण्याचें कारण मोठें साधें असतें. मेस्त्रीला तें पेटीच्या पुढच्या कडेशीं सरळ रेषेंत दिसावयास हवें असतें! सुतारकामाच्या दृष्टीनें तें सुबक दिसतें खरें. परंतु पेटी पाहण्यासाठीं नसते, आणि मांडवांत तिच्या खालच्या बाजूला उजेड तरी कोठें असतो?

पुढें-मागें ठरल्यावर डावें-उजवें. पट्ट्यांच्या मध्याखालीं पेडलाचा मध्य, असा सरळ नियम सांगितला जातो व दोन पेडलें असतील तर तो ठीकच आहे. एक पेडल असेल तेव्हां तें दाबणाऱ्या पायाच्या बाजूला असावें. मध्यावर आणलेल्या एका पेडलासाठीं वादकाला पाय आंत वळवून बसावें लागतें. दशावतारांत आणखी एक अडचण आहे. साथीदार रंगणाच्या एका कडेला बसतात, आणि हरदासाची नजर पट्ट्यांवर नसून पात्रावर असते. म्हणून तो पेटीसमोर अगदीं सरळ न बसतां थोडा तिरका बसतो. नाटकगृहांतल्या वादकासाठीं घेतलेलें माप त्याला तंतोतंत लागू पडत नाहीं. त्याला हवा तसा तिरका बसवून मगच खूण करावी.

आतां उंची. पेडलाचें वर आलेलें टोंक एवढेंच उंच असावें, कीं टांच न उचलतां चवडा त्यावर ठेवतां यावा. त्याहून उंच असेल तर प्रत्येक वेळीं सगळा पाय उचलावा लागतो, आणि उचललेल्या पायाचें वजन कंबरेला झेलावें लागतें. ही उंची पट्ट्याच्या लांबीनें ठरते, आणि पट्ट्याची परीक्षा दोन टोंकांना घ्यावयाची असते. भाता पूर्ण मिटला असतांना पट्टा सरळ असावा, पण ओढीत नसावा. तो ढिला असेल तर पेडलाची पहिली चाल पोकळ जाते. पाय खालीं जातो आणि वारा येत नाहीं. तो आंखूड असेल तर भाता पुरता मिटतच नाहीं, आणि तेवढा वारा प्रत्येक खेपेस फुकट जातो. दुसरें टोंक म्हणजे पेडल जमिनीला लागण्याचा क्षण. त्या वेळीं भाता पुरता उघडलेला असावा, पण त्याच्या चामड्याच्या घड्या ताणलेल्या नसाव्या. म्हणून पेडलाखालीं एक लहान गुटका ठोकून त्यावर नमद्याचा तुकडा चिकटवितात. पायाचा शेवटचा आघात गुटक्यानें सोसावा, पट्ट्यानें किंवा भात्यानें सोसूं नये. हा गुटका न बसविल्यामुळें फाटलेले भाते थोडे नाहींत. नमदा नसला तर लांकडावर लांकूड आपटून जो ठक् ठक् आवाज होतो, तो मृदंगवाल्याला वेड लावण्यास पुरेसा असतो.

ह्या ठक् ठक् आवाजावरून आणखी एक गोष्ट निघते. नवशिका वादक नकळत तालावर पाय मारतो. मृदंगाची थाप पडली कीं पाय खालीं, आणि पाय खालीं गेला कीं सूर फुगतो. असा प्रत्येक मात्रेला धक्का खाणारा सूर ऐकणाऱ्याला कंटाळा आणतो. जाणत्या वादकाचा पाय तालापासून अलिप्त असतो, सांठ्याच्या भात्याची गरज ओळखून तो आपल्या संथ गतीनें चालतो. युद्धाच्या प्रसंगीं मृदंग व झांज दुणीनें वाजूं लागतात, तेव्हां तर ही अलिप्तता फारच कठीण होते. परंतु ती केवळ अभ्यासानें येत नाहीं. पेडल जड असेल, तर पायाला जोर लागतो, आणि जोर लावणारें शरीर तालाचा आधार शोधतेंच. म्हणजे ज्याला वादकाचा दोष म्हणून हिणविलें जातें, तो पुष्कळदां दोन बोटें सरकलेल्या बिजागरीचा दोष असतो.

एवढें सर्व झाल्यावरहि स्क्रू पुरते पिळावयाचे नाहींत. बिजागरीला एकेकच स्क्रू लावून हरदासाला तासभर वाजवावयास सांगावें. पहिलीं पंधरा मिनिटें सर्वच पेडलें चांगलीं वाटतात. अर्ध्या तासानें पाय खरें बोलूं लागतो. वादक नकळत बाक पुढें ओढूं लागला तर पेडल आंत आहे. तो मागें रेलूं लागला तर पेडल बाहेर आहे. पाय बदलण्याची त्याला इच्छा झाली तर कमान जड आहे. मेस्त्रीनें त्या वेळीं पेटीकडे न पाहतां माणसाकडे पाहावें.

पश्चिमेकडील मोठ्या वाद्यांतहि हा प्रश्न ह्याच रूपानें येतो. रेडीजवळच खाडीच्या मुखावर तेरेखोलचा किल्ला आहे. तो डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. ह्या सीमेपलीकडे, गोव्यांतील ख्रिस्ती घरांतून पियानो हें अपरिचित वाद्य नाहीं. आडव्या, म्हणजे ग्रँड पियानोला वारा लागत नाहीं. तेथें पेडलाचें काम तारांवरचे दाब उचलण्याचें. आरंभीं हें काम गुडघ्यानें उचलावयाच्या दांड्या करीत. लंडनच्या जॉन ब्रॉडवुड यानें १७८३ सालीं पेडलांसह पियानोचें पेटंट घेतलें, आणि पुढें गुडघ्याचें काम पायाकडे आलें. न्यूयॉर्कच्या स्टाइनवे कारखान्यानें १८७४ सालीं निवडक स्वर धरून ठेवणाऱ्या मधल्या पेडलाचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून तीन पेडलांची मांडणी रूढ होत गेली.

हीं पेडलें एका लोंबत्या चौकटींत असतात. लायर नांवाच्या प्राचीन ग्रीक तंतुवाद्यासारखा तिचा आकार, म्हणून नांवहि तेंच. ८८ पट्ट्यांची रांग सुमारें चार फूट रुंद असते, आणि लायर तिच्या मध्याच्या आसपास, पट्ट्यांखालच्या जाड तक्त्याला अडकविलेली असते. जुना पियानो नव्यानें बांधतांना हा तक्ता बदलला, कीं तेथील मेस्त्रीहि रेडीच्या मेस्त्रीसारखाच गोंधळतो. लायर दोन बोटें बाजूला गेली, तर पेडलांपासून वर जाणाऱ्या सळया तिरप्या होतात, घांसतात, कुरकुरतात. सळई वरच्या तरफेला तिच्या टेकूच्या फार जवळ टेकली तर पेडल जड व आंखूड चालीचें होतें, फार दूर टेकली तर हलकें पण लांब चालीचें. सळईंत थोडी मोकळीक ठेवावी लागते. नाहीं तर पाय काढल्यावरहि दाब तारांवर पुरते बसत नाहींत व स्वर एकमेकांत मिसळून गलका होतो. मोकळीक अधिक झाली तर पायाची अर्धी चाल पोकळ. ढिला पट्टा आणि आंखूड पट्टा यांचीच ही दुसरी भाषा आहे. शिवाय पाय नुसता खालीं दाबत नाहीं, तो पुढेंहि रेटतो. म्हणून लायरच्या तळापासून मागें वर जाणाऱ्या दोन तिरप्या सळया तिला धीर देतात. जुने पियानो एका घरांतून दुसऱ्या घरांत नेतांना ह्या सळया हरवतात आणि बिचारी लायर कांहीं दिवसांत खिळखिळी होते. पायपेटीच्या घोडीला आडवी पट्टी असते ती ह्याचसाठीं.

मराठी रंगभूमीनें ह्या दोहोंच्या मधलें वाद्य पत्करलें, तें म्हणजे पायऑर्गन. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा हार्मोनियमवादक १९११ च्या ‘मानापमाना’चा संगीतकार झाला, तेव्हां पेटीचें स्थान नाटकांत पक्कें होतें. पुढें गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळांत ऑर्गनचा भरदार सूर लोकांच्या कानांत बसला. अमेरिकन पद्धतीचे हे ऑर्गन वारा आंत ढकलीत नाहींत, बाहेर ओढून घेतात. त्यामुळें त्यांचा सूर मऊ येतो. बोस्टनच्या मेसन आणि हॅमलिन, व्हरमाँटमधील एस्टी अशा कारखान्यांचीं नांवें त्यांवर दिसतात. ह्या वाद्यांत दोन पेडलांखेरीज गुडघ्यानें बाहेर रेटावयाच्या कळाहि असतात. पेडल चुकीच्या उंचीवर बसलें, तर पाय दाबतांना गुडघा कळेला लागतो आणि नको त्या जागीं आवाज एकदम मोठा होतो. नायिका हळू आवाजांत विलाप करीत असतां असें झालें म्हणजे काय होतें, हें नाटकवेड्या श्रोत्यांना सांगावयास नको.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे ऑर्गन करणारे बहुतेक कारखाने बंद पडले, आणि पायाचें वाद्य ज्याच्याजवळ होतें त्याला जुन्याचेंच नवें करीत राहणें भाग पडलें. ह्या एकविसाव्या शतकांत राजापूर तालुक्यांतील आडिवरें येथें पायऑर्गन नव्यानें घडविण्याचें काम सुरू झालें. योगायोग असा, कीं अठराव्या शतकांत दशावतार कोंकणांत आणणारे म्हणून परंपरा ज्यांचें नांव सांगते, ते श्यामजी नाईक काळे ह्याच आडिवऱ्याचे मानले जातात.

जुन्याचें नवें करणाऱ्यांत दोन प्रकारचे कारागीर आढळतात. पेडल जमलें नाहीं, कीं एक जण तें काढूनच टाकतो. पेटीला पाठीमागें हाताचा भाता जोडून देतो आणि खर्च वांचला म्हणून सांगतो. पेटी वाजते, सूरहि तेच असतात. परंतु हरदासाचा डावा हात त्या दिवसापासून भात्याला बांधला जातो. खालच्या सप्तकाचा आधार जातो, पद उचलण्याची तत्परता जाते, आणि पहांटेच्या सुमारास नट थकलेला असतांना त्याला सांवरून धरणारा सूर पातळ होतो. दुसरा कारागीर बिजागरी काढून पुन्हा बसवितो. पहिल्याचें काम एका दिवसाचें, दुसऱ्याचें चार दिवसांचें, आणि मजुरी मागतांना दुसराच अधिक संकोचतो, कारण दाखवावयाला त्याच्याजवळ कांहींच नसतें. फळी तीच, पट्टा तोच. जागा तेवढी बदललेली.

अखेरची परीक्षा मांडवांत होते. मेस्त्रीच्या पडवींतली जमीन सपाट असते; देवळापुढचें अंगण शेणानें सारविलेलें, मऊ, कोठें उतरतें. घोडीचे पाय रात्रीं हळूहळू जमिनींत रुततात आणि पेडल गुटक्यापर्यंत पोंचण्याआधींच मातीला लागूं लागतें. अनुभवी हरदास म्हणून चार चपट्या फळ्या बरोबर बाळगतो व पेटी मांडण्याआधीं त्या घोडीखालीं सारतो. कोणी विटाहि घालतात. पण वीट घातली कीं पेटी उंच होते, बाक तेवढेंच राहतें आणि पडवींत खडूनें काढलेल्या रेघेचा हिशोब पुन्हा चुकतो. म्हणून विटा घालावयाच्या तर बाकाखालींहि घालाव्या.

रात्रीं गणपति येऊन जातो, संकासुर लोकांना हंसवितो, आख्यान लागतें. तिसऱ्या प्रहरीं मांडवांतलीं मुलें आयांच्या मांडीवर झोंपलेलीं असतात. राजा वनांत एकटा उभा राहून पद उचलतो, आणि त्याचा पहिला स्वर पुरा होण्याच्या आंत पेटी त्याला मिळते. पुढें उजाडतां उजाडतां दहीकाला होतो, हंडी फुटते, लोक प्रसाद घेऊन पांगतात. हरदास उठतो, एकदां पाय झटकतो, पट्टा अडकवणींतून सोडवितो आणि घोडी मिटूं लागतो. दुसऱ्या गांवची जत्रा त्याच रात्रीं असते.